२६ जानेवारीचा टीव्हीवरचा सामना: माजी फुटबॉलपटूंनी १२ आठवड्यांत अंग कसं तयार करावं

चाळिशी-पन्नाशीतला गडी पुन्हा मैदानात उतरला की आधी दम परत येतो आणि नसा, म्हणजे स्नायू हाडांना बांधणारे दोर, मागून येतात. नियमित पळलं तर पाच-सहा आठवड्यांत श्वास बऱ्यापैकी जागेवर येतो, आणि घात होतो तो इथेच. दम आहे म्हणून माणूस जुन्या वेगाने सुटतो. पण टाचेमागची मोठी नस, पोटरी आणि मांडीमागचा हॅमस्ट्रिंग यांना तो झटका सोसायला दहा-बारा आठवडे लागतात. दमून बाहेर गेलेला खेळाडू पाच मिनिटांनी परत येतो. टाचेची नस तुटलेला सहा महिने मैदान बघत नाही. म्हणून खालचं सगळं वेळापत्रक दमाच्या नाही, नसांच्या हिशोबाने बांधलं आहे.

तालुक्याच्या ग्राउंडवर २६ जानेवारीला माजी खेळाडूंचा सामना आहे आणि लोकल चॅनल तो थेट दाखवणार आहे, असं धरून चालू. सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायची. तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं, सकाळी गारवा असतो, आणि बरोबर १२ आठवडे मिळतात. डिसेंबर उजाडल्यावर जागे झालात तर पूर्ण सामना खेळायचा हट्ट सोडा, १०-१० मिनिटांच्या दोन फेऱ्या खेळायच्या ठरवा.

"दिवसभर शेतात राबतो, आपल्याला काय सराव लागतो?" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. शेतकामाने कंबर, खांदे, हाताची पकड मजबूत राहते, चालण्याचा दम राहतो, हे खरंच आहे. पण डवरणीत किंवा कापूस वेचणीत कोणी २० मीटर जीव खाऊन पळत नाही आणि पळता पळता एका पावलात थांबत नाही. फुटबॉलमध्ये दुखापत पळण्यापेक्षा थांबताना आणि वळताना जास्त होते, आणि त्याची सवय फक्त मैदानातच लागते.

आधी दवाखाना

बूट शोधण्याआधी हे उरका. ब्लड प्रेशर, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, ईसीजी. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा बीपी, शुगर, तंबाखू, घरात कमी वयात हार्ट अटॅक यांपैकी एक जरी असेल, तर डॉक्टरांना टीएमटीबद्दल, म्हणजे पट्ट्यावर पळवून काढतात त्या ईसीजीबद्दल, आपणहून विचारा. आडवं पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. ब्लॉकेज असलेल्या माणसाचा तो ईसीजीही पुष्कळदा सरळ येतो. पस्तिशीनंतर खेळताना अचानक कोसळणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हेच मुख्य कारण असतं, म्हणून इथे कंजुषी नको. ग्रामीण रुग्णालयात टीएमटी झाली नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूर, सेवाग्राम, सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात एक फेरी मारावी.

औषधं चालू असतील तर दोन गोष्टी. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी मुळातच फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने रिकाम्या पोटी सरावाला यायचं नाही, आणि खिशात साखरेची पुडी ठेवायची.

तिसरी गोष्ट आपल्या विदर्भाची आहे आणि बाहेरच्या कोणत्याही व्यायामाच्या तक्त्यात ती सापडायची नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचे, वाहक पुष्कळ आहेत. वाहकाला एरवी त्रास नसतो, म्हणून कित्येकांना पन्नाशीपर्यंत पत्ताही नसतो. पण अंगात पाणी कमी असताना, उन्हात, न थांबता एकावर एक जोरात पळापळ केली तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. गोळा आला की स्नायू हाताला दगडासारखा लागतो. इथे मांड्या आणि कंबर दुखते, पाय जड होऊन माणूस खाली बसतो, आणि स्नायू मात्र हाताला मऊच लागतो. अशा वेळी "ऊठ, थोडा पळ, मोकळा होशील" म्हणणं जीवावर बेतू शकतं. सावलीत झोपवा, शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या आणि थेट रुग्णालयात न्या. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीने पक्की करून घ्यावी. वाहकाने फुटबॉल सोडायची गरज नाही. दोन पळण्यांमध्ये जास्त विश्रांती, भरपूर पाणी आणि ऊन चढायच्या आत सराव, एवढं पाळलं तर तो खेळू शकतो.

बूट आणि जमीन

पेटीत पंधरा वर्षं पडलेले जुने बूट वापरू नका. सोलचा डिंक वाळलेला असतो, फोम आतून भुगा झालेला असतो. दहाव्या मिनिटाला सोल टाळी वाजवायला लागतो आणि पाय मुरगळतो. दोन्ही हातांनी सोल मागे वाकवून बघा. तडा दिसला किंवा कडेला नख शिरलं की तो बूट गेला.

जानेवारीत आपली काळी जमीन कडक असते. तिच्यावर लांब स्टड रुतत नाहीत, उलट माणूस खिळ्यांवर उभा राहिल्यासारखा राहतो आणि सगळा भार टाचेच्या नसेवर येतो. बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज घ्या. बूट सहाव्या आठवड्याच्या आत घेऊन त्यातच सराव करा. सामन्याच्या दिवशी नवा बूट म्हणजे दोन्ही टाचांना फोड.

ग्राउंडवरच्या भेगा हा दुसरा शत्रू. तीन बोटं रुंद भेगेत पाय अडकला तर गुडघा फिरतो. भेगांत बारीक कोरडी माती आणि वाळू समसमान मिसळून भरा, संध्याकाळी पाणी मारा, आणि वाफसा आला की रोलर फिरवा. ओल्यावर फिरवला तर माती रोलरला चिकटून पापुद्रे निघतात, पार वाळल्यावर फिरवला तर काही दबत नाही. मुरूम टाकू नका, पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. सराटे काढायला ओलं पोतं दोरीने ओढत पूर्ण मैदानावर फिरवा, काटे पोत्यात रुततात. झाडूने निम्मेच निघतात आणि उरलेले चेंडू पंक्चर करतात. रेषा मारायला कळीचा किंवा विझवलेला चुना नको, घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो. खडूची किंवा रांगोळीची पावडर वापरावी.

गोलीसाठी गोलसमोरची पट्टी चार इंच खणून भुसभुशीत करा आणि वर वाळूचा थर द्या. पन्नाशीच्या गोलीचा खांदा आणि खुबा या कडक जमिनीवर एका झेपेत जायबंदी होतो. त्याने पहिले चार आठवडे फक्त गुडघ्यांवर बसून बाजूला पडण्याचा सराव करावा. उभ्याने झेप त्यानंतर.

१२ आठवडे

मैदानावर आठवड्यातून तीन दिवस: सोमवार, गुरुवार, शनिवार. सकाळी साडेसहा ते पावणेआठ. ताकदीचे व्यायाम सोमवारी आणि गुरुवारी, पळणं आटोपल्यावर; पोटरीचं काम तेवढं एक दिवसाआड. शनिवार जोराचा दिवस, म्हणून त्याच्या आदल्या दिवशी पाय मोकळे राहू द्यायचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वॉर्मअप २० मिनिटांपेक्षा कमी नको: ५ मिनिटं चालणं-जॉगिंग, मग गुडघे वर, टाचा मागे, आडवं पळणं, खुबे फिरवणं, शेवटी चार हळूहळू वाढत जाणाऱ्या धावा. जागेवर उभं राहून पाय ताणून धरण्याचे प्रकार खेळ संपल्यावर करा.

पहिला ते तिसरा आठवडा. १ मिनिट जॉगिंग, २ मिनिटं चालणं, असे ८ फेरे. दुसऱ्या आठवड्यात २ आणि २, ७ फेरे. तिसऱ्यात ३ आणि १, ६ फेरे. डांबरी रोडवर नको, शाळेच्या ग्राउंडवर पळा. पांदण मऊ असते, पण बैलगाडीच्या चाकोरीत घोटा वळतो. वेग किती? पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं तर वेग जास्त आहे. दुसऱ्या आठवड्यापासून शेवटची १५ मिनिटं चेंडू: १० मीटरवरून आतल्या पायाने पास, दोन्ही पायांनी. लांब किक आणि शूटिंग अजिबात नाही. थंड जांघेवर मारलेली पहिली जोरदार किक महिनाभर पुरते.

याच काळात पोटरीचं काम सुरू करा, कारण सगळ्या कार्यक्रमात कशाने खरा फरक पडत असेल तर याने. पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, टाचा अधांतरी. दोन्ही पायांनी वर जा, वर एक क्षण थांबा, मग तीन मोजत टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरा. १२ वेळा, तीन फेरे, एक दिवसाआड. गुडघा सरळ ठेवून दोन फेरे आणि थोडा वाकवून एक, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि आतला स्नायू गुडघा वाकल्यावरच नीट कामाला लागतो. चौथ्या आठवड्यापासून एका पायाने. सातव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक पायावर सलग २० वेळा, शेवटपर्यंत पूर्ण उंचीने जमलं पाहिजे. ज्याला जमत नाही त्याने आठव्या आठवड्यात स्प्रिंट मारायचा नाही, मग तो एके काळी जिल्ह्याचा कॅप्टन का असेना. एक पाय २० आणि दुसरा १२ असा फरक असेल तर त्या कमजोर पायाचीच भीती आहे.

चौथा ते सातवा आठवडा. जॉगिंग सलग १५ मिनिटांवर आणा, मग १५ सेकंद जरा जोरात, १५ सेकंद चालणं, असे १० फेरे, ३ मिनिटं आराम, पुन्हा १०. वेग सत्तर टक्क्यांच्या वर नको. थांबण्याचा सराव इथेच करायचा: १५ मीटर मध्यम वेगाने पळा आणि १० मीटरमध्ये थांबा, पुढच्या आठवड्यात ७ मध्ये, मग ५ मध्ये. लहान लहान पावलं टाकत, कंबर खाली आणत थांबायचं. एका पायावर ब्रेक मारला की गुडघा गेला. खुणांसाठी विटा ठेवू नका, पाण्याच्या बाटल्या किंवा सायकलचे जुने टायर ठेवा.

ताकदीत आता हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम घ्या. गुडघ्याखाली घडी केलेलं पोतं, जोडीदार मागून दोन्ही घोटे दाबून धरतो. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुका, आणि सुटलात की हातांवर या. परत वर येताना हातांनी ढकललं तरी चालतं, फायदा उतरण्यात आहे. पहिल्या वेळी फक्त ३ वेळा, दोन फेरे. जोशात १५ मारले तर तीन दिवस संडासाला बसता येत नाही. दहाव्या आठवड्यापर्यंत ८ वेळा, तीन फेरे पुरेत. सोबत स्क्वॅट १२ वेळा तीन फेरे, आणि जांघेसाठी दोन गुडघ्यांत चेंडू धरून ५ सेकंद दाबणं, १० वेळा.

आठवा ते अकरावा आठवडा. आता स्प्रिंट, फक्त शनिवारी आणि फक्त वॉर्मअपनंतर लगेच, थकल्यावर नाही. आठवा आठवडा: २० मीटर, ऐंशी टक्के वेग, ६ वेळा, मधे ९० सेकंद चालणं. नववा: नव्वद टक्के. दहावा: पूर्ण वेग, ४ वेळा. अकरावा: ६ वेळा. सुरुवात उभ्याने नको, पाच-सहा पावलं जॉग करून वेग घ्या. गुरुवारी पाच-पाच जणांचा छोटा सामना, ३० बाय २० मीटरवर, ४ मिनिटांचे ४ डाव, मधे ३ मिनिटं. शनिवारी स्प्रिंटनंतर सराव सामना: नवव्या आठवड्यात १५-१५ मिनिटं, दहाव्यात २०-२०, अकराव्यात २५-२५. चेंडूत हवा कमी बाजूला, ९ ते १० पीएसआय. कडक जमिनीवर टणक चेंडू फार उंच उसळतो आणि सगळे त्याच्यामागे नको तेवढं पळतात.

बारावा आठवडा अर्धाच. पळणं निम्म्यावर आणा, पण ३-४ छोटे स्प्रिंट ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. सामन्याच्या आधीचे दोन दिवस फक्त चालणं.

खंड पडतो. तूर काढायची असते, लग्न असतं, ताप येतो. एक आठवडा गेला तर एक आठवडा मागून सुरू करा, भरपाई म्हणून दुप्पट करू नका. आणि आपल्याकडे कृषिपंपांना वीज रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला माणूस पहाटेपर्यंत शेतात असतो. रात्रभर जागलेल्याने त्या सकाळी स्प्रिंट आणि सामना टाळायचा, चालायचं आणि घरी जाऊन झोपायचं. कॅप्टनने वेळापत्रक लावताना कोणाच्या ओलिताची पाळी कधी आहे ते विचारूनच लावावं.

खाणं, पाणी, खर्रा

१२ आठवड्यांत ३-४ किलो उतरले तरी गुडघ्यांना फार फरक पडतो, त्याहून जास्तीच्या मागे लागू नका. भाकर बंद करू नका, रात्रीचा भात अर्धा करा, सरावानंतर तर्री-पोह्यांऐवजी दोन-तीन उकडलेली अंडी किंवा मोड आलेला हरभरा घ्या. ७० किलोच्या गड्याला या काळात रोज ८५ ते १०० ग्रॅम प्रोटीन हवं. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत तब्बल १५. अख्खा विदर्भ सोयाबीन पिकवतो आणि विकून टाकतो. घरच्या पानातही थोडं आलं पाहिजे.

सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर एक लिटर घाम गेला, दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी घोट-घोट परत घ्या. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा, सुटला पाहिजे. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, ठोके आणि बीपी वाढतं, आणि त्यावर स्प्रिंट मारणं म्हणजे हृदयावर दुहेरी ओझं. सोडायला ३ महिन्यांच्या सरावासारखी संधी पुन्हा येत नाही. १८००-११२-३५६ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. जो आज सोडू शकत नाही त्याने निदान सरावाच्या दोन तास आधी पानठेल्यावर थांबू नये, आणि गालात पुडी धरून मैदानात तर मुळीच येऊ नये, धक्का लागला की ती श्वासनलिकेत जाते.

काही झालंच तर

पोटरीवर मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर मागे कोणी नाही, म्हणजे टाचेची नस तुटल्याचा संशय घ्या. पालथं झोपवा, पाय कडेबाहेर लोंबू द्या, पोटरी दाबा. शाबूत नस असेल तर पाऊल आपसूक हलतं. हललं नाही तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर. चालता येतं म्हणून आठ दिवस घरी बसले की टोकं दूर सरकतात आणि ऑपरेशन अवघड होतं. ताज्या दुखापतीवर मालिश, शेक, हाडवैद्याची ओढाताण नको. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

गेल्या काही महिन्यांत कोणत्याही आजारासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते डॉक्टरांना आणि कॅप्टनला सांगा. या गोळ्यांनी टाचेची नस कमजोर होऊन तुटण्याचा धोका वाढतो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. सामन्याआधी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून उतरायचं नाही. दुखणं झाकतं, नस फाटायची थांबत नाही, आणि घाम गेलेल्या अंगात किडनीवर ताण येतो.

टीव्हीचा दिवस

आयोजकांशी तीन आठवडे आधी बसा. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने माजी खेळाडूंच्या सामन्यांसाठी वेळ, मैदान यांत बदलाची मुभा ठेवली आहे, आणि बदललेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. तेव्हा २५-२५ मिनिटं, १८ जणांचा संघ, हवे तितके बदल आणि स्लाइड टॅकल (जमिनीवर घसरत चेंडू काढणं) बंद, एवढं रेफरीकडून मान्य करून घ्या. सामना साडेतीनला सुरू व्हावा, जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कॅमेरा मैदानाच्या पश्चिमेला लावायला सांगा म्हणजे ऊन त्याच्या पाठीमागून येईल. जर्सी मातकट किंवा पिवळसर नको, वाळल्या गवतावर चेंडू आणि माणूस दोन्ही हरवतात.

सगळ्यात मोठा धोका सत्काराचा आहे. वॉर्मअप होतो, मग पाहुणे येतात, रांगेत उभं करतात, शाल-श्रीफळ, राष्ट्रगीत, चार भाषणं. पाऊण तास उभं राहून पाय बर्फ झालेले असतात, शिट्टी वाजते, कॅमेरा आपल्यावर आहे हे दिसतं, आणि पहिल्याच चेंडूवर गडी जीव खाऊन सुटतो. हॅमस्ट्रिंग तिथेच जातो. सत्कार मध्यंतरात किंवा सामन्यानंतर ठेवायला लावा. पाहुण्यांसाठी ते जमत नसेल तर रांग मोडल्यावर १० मिनिटं वॉर्मअपची, हे चॅनलच्या वेळापत्रकात लिहून घ्या, आणि ती घेतल्याशिवाय कॅप्टनने नाणेफेकीला जाऊ नये. रांगेत ट्रॅक पँट अंगावर ठेवा, टाचा वर-खाली करत राहा. पहिली पाच मिनिटं फक्त पायात पास, कोणी लांब चेंडू टाकायचा नाही. दर ८-१० मिनिटांनी माणूस बदला, यादी आधीच कागदावर लिहून एकाच्या हातात द्या. भावनेच्या भरात कोणी स्वतःहून बाहेर येत नाही.

१०८ ची अॅम्ब्युलन्स मैदानावर उभी करायची विनंती करा, आणि तरी एक गाडी चावीसकट तयार ठेवा. प्रत्येक संघात दोघांना सीपीआर येत असावा. धक्का न लागता कोणी कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर वाट बघू नका. मधूनमधून आचके देणं म्हणजे श्वास नाही. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला लगेच सुरुवात करायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. कॅमेरा दुसरीकडे वळवायला कोणाला सांगायचं हेही आधी ठरवा.

सामना संपल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, १० मिनिटं चाला, पाणी आणि काहीतरी खाणं तासाभरात पोटात जाऊ द्या. दारूची पार्टी त्या रात्री नको, ज्याला मार लागला आहे त्याने तर नक्कीच नको, सूज वाढते. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं हळू चालणं. अंग दोन-तीन दिवस दुखेल, ते चालतं. छातीत दडपण, एका पोटरीला सूज आणि गरमपणा, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, तर दुपारची वाट न बघता रुग्णालयात जा.